आंबट हात

स्वरूप कळंबटेचे दोन्ही हात आंबट आहेत, असं अखेर कंपनीकडून लेखी आलं.

हे वाक्य वाचून झालं असेल तर कृपया विसरून जावं. स्वरूपच्या घरात सगळ्यांनी तसंच ठरवलं आहे. त्याच्या आईने, तुळसाने, ज्या मोबाईलवर ते आलं तो मोबाईल उपडा ठेवून वर भाताची परडी झाकली आणि कोणी विचारलंच तर आत पिल्लं आहेत असं सांगायला सुरुवात केली. तेव्हा असं काही घडलेलंच नाही असं धरून आपणही मागे जाऊ. स्वरूपचे हात अजून साधे आहेत. नवी क्लॅरिनेट अजून खोक्यात आहे.

रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात काशीराम मास्तरांचा बँड आहे. गणपतीच्या आधी बँडला दोन नव्या क्लॅरिनेट आल्या. जुन्या दोन्ही बदल्यात देऊन टाकल्या, कारण त्यांच्यातून सुरांपेक्षा वारा जास्त यायला लागला होता. नव्या क्लॅरिनेटची नळी काळीभोर आणि तिच्यावरच्या बोटांनी दाबायच्या चाव्या चांदीसारख्या लख्ख. चांदी अर्थात नव्हे, पितळेवर निकेलचा मुलामा. पण चमक अशी, की खोकं उघडल्यावर प्रत्येकाला त्यात आपापला चेहरा दिसला. बाबल्याला स्वतःचे दात दिसले आणि तो दोन दिवस तोंड मिटून होता.

एक क्लॅरिनेट स्वरूपला मिळाली, दुसरी बाबल्याला.

आता बाबल्याबद्दल सांगायला हवं. लग्नाला बँड ठरवायला येणारे लोक सूर विचारत नाहीत, माणसं किती ते विचारतात. मास्तरांचा बँड एकवीस माणसांचा. त्यातले निम्मे वाजवायचे आणि निम्मे भरतीचे, म्हणजे लाल कोट, सोनेरी झालर, हातात वाद्य आणि तोंडात वारा नाही. हे फक्त मास्तरच करतात असं नाही, पण कबूल मात्र कोणीच करत नाही. भरतीच्या माणसांत बाबल्या सगळ्यात वरचा. तो मास्तरांचा मेहुणा होता हे एक, आणि दुसरं म्हणजे तो गाल असे फुगवायचा की बघणाऱ्याला ऐकू यायचं. इतक्या वर्षांत त्याने क्लॅरिनेटमध्ये एक फुंकर मारली नव्हती. चाव्यांनाही तो बोटं लावायचा नाही, नुसती वरून फिरवायचा. उगाच दाबल्या गेल्या आणि काही वाजलं तर काय घ्या, असं त्याचं म्हणणं.

स्वरूपचं तसं नव्हतं. तो खरोखर वाजवायचा, आणि यंदा त्याला पाठवणी मिळाली होती.

ही या बँडची जुनी रीत. नवरी निघाली की ढोल, ताशे, ट्रम्पेट, कीबोर्ड, सगळं थांबायचं आणि एकटी क्लॅरिनेट वाजायची. तीस वर्षं ती धून मास्तरांनीच वाजवली. पण गेल्या उन्हाळ्यात मास्तरांच्या पुढच्या दातांचीच पाठवणी झाली. कवळी लावून वाजवायला गेले तर क्लॅरिनेट एक सूर लावायची आणि कवळी दुसरा. मग एक दिवस त्यांनी स्वरूपला बोलावून सांगितलं, की यंदापासून पाठवणी तुझी. एवढंच म्हणाले आणि ढोलाच्या दोऱ्या ओढत बसले. स्वरूपला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुळसाला वाटलं कावीळ झाली.

तेव्हापासून तो रोज सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, जाऊन धून घोटायचा. सड्यावर ऐकायला गुरं तेवढी. एखादीने चरणं थांबवून मान वर केली, की त्या दिवशी जमली असं तो समजायचा. नवीन क्लॅरिनेटवर पहिल्या दिवशी चार गुरांनी मान वर केली. त्यातली एक म्हैस होती. म्हशीचं मत स्वरूप वजनदार मानायचा.

गणपती गेले आणि डाव्या करंगळीखालची चावी पिवळी दिसायला लागली.

आधी वाटलं, हळद लागली असेल. पुसली तर आणखी पिवळी. मग अंगठ्याखालची, मग उजव्या हाताच्या सगळ्या. मुलाम्याला आधी बारीक फोड आले, मग कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटले. पापुद्र्याची कड बोटाला लागायची. बोटं हिरवी व्हायची. दसऱ्याच्या सुमाराला चाव्या आतूनही मऊ निघाल्या. एकीला जरा जोर लागला तर ती वाकली, दुसरी खाली गेली की वर यायला वेळ घ्यायची, चहा पिऊन आल्यासारखी. तुळसाने एकदा हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "कल्हई लावून घे रे हिला." कल्हईवाला गावात येऊन किती वर्षं झाली ते मात्र तिलाही आठवेना.

मास्तरांनी क्लॅरिनेट उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, वासही घेतला. मग त्यांनी नियम सांगितला. पुढच्या रांगेत असली पिवळी क्लॅरिनेट चालणार नाही. हल्ली वरून ड्रोन फिरतो, त्याला सगळं दिसतं. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होईल, त्याच्या आत कंपनीने बदलून दिली तर ठीक, नाहीतर स्वरूपने मागच्या रांगेत जाऊन खुळखुळा वाजवायचा.

खुळखुळा हे वाद्य आहे की नाही यावर बँडमध्ये मतभेद होते. पण त्यावर पाठवणी वाजत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

तक्रार केली. कंपनी लांब उत्तरेकडे कुठेतरी होती, तिने चिपळूणच्या एजंटला पाठवलं. अनिश त्याचं नाव. वाद्यांची एजन्सी हा त्याचा जोडधंदा, मूळ धंदा पाण्याच्या फिल्टरचा. येताना तो फिल्टरचीच बॅग घेऊन आला.

आणि नेमके त्याच सकाळी संगमेश्वराहून गोपाळकृष्णकाका आले होते. आंब्याच्या मोठ्या बागा, कानात यंत्र. हंगामातलं पहिलंच लग्न त्यांच्या नातीचं, आर्याचं होतं आणि त्यांना बँड ठरवायचा होता. ते मास्तरांच्या खोलीत खुर्चीवर बसून माणसं मोजत होते. एकवीस म्हणजे एकवीस पाहिजेत आणि सगळे वाजवणारे पाहिजेत, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात त्यांना एकाच्या ट्रम्पेटात वर्तमानपत्राचा बोळा सापडला होता. तेव्हापासून ते सावध झाले होते.

अनिशने दोन्ही क्लॅरिनेट शेजारी शेजारी ठेवल्या. एक पिवळी, पापुद्रे सुटलेली. दुसरी अशी कोरी, की तिच्यात गोपाळकृष्णकाकांनाही आपला चेहरा दिसला. त्याने दोन्हींचे नंबर बघितले. लागोपाठचे. एकाच दिवशी बनलेल्या, एकाच खोक्यातून आलेल्या. त्याने मास्तरांना सरळ विचारलं, की दोन्ही सारख्याच वाजवल्या जातात का.

ताशेवाला सखाराम छताकडे बघायला लागला. बाबल्या नमस्कार केल्यासारखे हात जोडून उभा राहिला. गोपाळकृष्णकाकांनी कानातलं यंत्र जरा आत दाबलं.

मास्तर म्हणाले, "दोन्ही सारख्याच वाजतात. बाबल्याची तर थोडी जास्तच."

बाबल्याने नम्रपणे मान खाली घातली.

स्वरूपने तोंड उघडलं होतं. बाबल्याची क्लॅरिनेट आजवर एकदाही वाजलेली नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं असतं तर काकांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की मग आणखी कोण कोण वाजवत नाही. मग लाल कोटातले निम्मे लोक छताकडे बघायला लागले असते. आणि हे लग्न गेलं असतं तर पाठवणीही गेलीच असती. उघडलेलं तोंड रिकामं कसं मिटायचं म्हणून स्वरूपने जांभई दिली. अनिशने टिपून घेतलं: ग्राहकास तक्रारीत फारसा रस दिसला नाही.

यानंतर जे झालं ते तुळसाच्या चांगुलपणामुळे झालं. मास्तरांची खोली आणि स्वरूपचं घर यांच्यामध्ये एकच गडगा, दगड रचलेली बुटकी भिंत. माणूस चिपळूणहून उन्हाचा आलाय, म्हणून ती गडग्यावरून कोकम सरबताचं तबक घेऊन आली. सगळ्यांना ग्लास दिले. अनिशने पुरावा म्हणून आधी सरबताचा फोटो काढला, मग सरबत प्यायला, मग रिकाम्या ग्लासाचाही काढला. आणि मग त्याने बॅगेतून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या बाहेर काढल्या. पाणी गोडं की खारं, आंबट की कसं ते दाखवायला तो गिऱ्हाइकांच्या विहिरीत त्या बुडवायचा. त्याने स्वरूपला हात पुढे करायला सांगितलं.

स्वरूपने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि हात पुढे केला.

पट्टी लाल झाली. नुसती लाल नव्हे, बघता बघता कोकमी झाली. अनिश म्हणाला, इतकी लाल पट्टी त्याने आयुष्यात एकदाच बघितली होती, आणि ते बॅटरीतलं पाणी होतं. स्वरूप समजावून सांगायला लागला, की आत्ताच सरबत हातात होतं, ग्लास बाहेरून ओला होता. अनिशने विचारलं, घरात कोकम नेहमी असतं का. स्वरूप उत्तराची जुळवाजुळव करत होता, तोवर तुळसा म्हणाली, "असतं म्हणजे? बाराही महिने. आमटीत घालू, माशात घालू, पायाला भेगा पडल्या तर कोकमाचं तेल लावू. हा तर तान्हा होता तेव्हापासून सोलं चोखतो."

तिने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. अनिशने तसंच्या तसं लिहून घेतलं.

बाबल्याच्याही हाताला पट्टी लावून बघा, असं स्वरूपने सुचवलं. पण ज्याची तक्रार नाही त्याचा हात तपासायची कंपनीत तरतूद नव्हती.

पुढे काय आलं ते तुम्ही वाचलं नाही असं आपलं ठरलं आहे. एवढंच सांगतो, की त्या मजकुरात मुलामा उत्तम असून हात मूलतः आंबट असल्याचं म्हटलं होतं, हमी लागू होत नव्हती, आणि यापुढे ग्राहकाने हातमोजे घालून वादन करावं असा सल्ला होता. क्लॅरिनेटची भोकं उघड्या बोटांनी बंद करावी लागतात, कापडातून वारा निसटतो, हे कंपनीला माहीत नसावं. स्वरूपने तरी हातमोजे घालून बघितले. सड्यावरच्या गुरांनी मान वर केली नाही. म्हैस उठून गेली.

बातमी परडीखाली राहिली नाही. शेजारच्या गोदाकाकूंकडचं विरजण संपलं होतं, त्या दुधाचं पातेलं घेऊन आल्या आणि स्वरूपला म्हणाल्या, जरा बोट बुडव. तो नाही म्हणाला. शेजारधर्म म्हणून त्यांनी त्याचं मनगट धरून बोट बुडवलं. सकाळी दही लागलं होतं, सुरी फिरवावी इतकं घट्ट. पातेलं आदल्या दह्याचं होतं आणि विसळलेलं नव्हतं, पण त्यात कोणाला रस नव्हता. त्या आठवड्यात चार घरांतून पातेली आली. स्वरूपच्या हाताचं दही नाचणे गावात नावाजलं गेलं. त्याने आसपासच्या बँडवाल्यांकडे उसनी क्लॅरिनेट मागून बघितली, पण चिपळूणपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. आंबट हातात आपली क्लॅरिनेट कोण देणार?

बाबल्याला मात्र हे मनाला लागलं. तो वाजवत नसला तरी माणूस खरा होता. तो स्वरूपला म्हणाला, "मी फुंकणार नाही. फुंकायचं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण चाव्या दाबायला काय जातं?"

त्या दिवसापासून बाबल्या दुपारभर टीव्हीवर मालिका बघत क्लॅरिनेटच्या चाव्या दाबायचा. सासू रागावली की जोरात, सून रडली की हळू. त्याने आयुष्यात इतकं काम कधीच केलं नव्हतं. करंगळीला घट्टा पडला तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. आणि तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं तेव्हा एका दुपारी गडग्यावरून त्याने हाक मारली. त्याचीही डावी करंगळी हिरवी झाली होती. चावी पिवळी. पापुद्रा, फोड, सगळं जिथल्या तिथे, जसंच्या तसं.

स्वरूपने त्याला मिठीच मारली. दुसऱ्याचे हात, दुसरी क्लॅरिनेट, तोच मुलामा. बाबल्याच्या घरी तर कोकमही नव्हतं, त्याला पित्त होतं. दोघांनी फोटो काढून कंपनीला पाठवले आणि ओटीवर उत्तराची वाट बघत बसले.

उत्तर लगेच आलं. लागण झाल्याचे दिसते, असं लिहिलं होतं. दोन्ही ग्राहकांनी एकमेकांपासून अंतर राखावे.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, एक तरी चकचकीत होती, तिलाही हात लावलात. आणि ढोलाच्या दोऱ्या ओढत बसले.

बाबल्याला अपराधी वाटलं, आणि अपराधी वाटलं की तो काहीतरी दुरुस्त करायला घेतो. मास्तरांच्या फाटकाला लावलेला चंदेरी रंग अर्धा डबा उरला होता. कोणाला न सांगता त्याने दोन्ही क्लॅरिनेटच्या चाव्यांना रंगाचे दोन हात मारले. हे दोन हात आंबट नव्हते. ते छान बसले, छान वाळले, आणि त्यांच्याखाली एकूणएक चावी जागच्या जागी चिकटून बसली. चाव्यांखालच्या गाद्या चिकटल्या, स्प्रिंगा चिकटल्या, भोकांच्या कडांना थर चढले. स्वरूपने रॉकेल लावून बघितलं, सुईने खरवडून बघितलं. क्लॅरिनेटमधून आता फक्त एकच सूर निघत होता आणि तो गाण्यात कुठेच लागत नव्हता.

दिसायला मात्र दोन्ही क्लॅरिनेट नव्यासारख्या झाल्या होत्या. मास्तरांनी लांबून बघितल्या, जवळून बघायचं टाळलं आणि म्हणाले, स्वरूप पुढच्या रांगेतच राहील, चाली कीबोर्ड सांभाळेल. मग स्वरूपकडे वळून म्हणाले, जायच्या आधी बाबल्याकडून जरा शिकून घे.

बाबल्याने मन लावून शिकवलं. ओठ कसे लावायचे, भुवया कधी वर न्यायच्या, गाल कुठवर. स्वरूपला सगळं जमत होतं, फक्त फुंकर थांबत नव्हती. इतक्या वर्षांची सवय, ओठाला नळी लागली की छातीतून वारा आपोआप निघायचा. बाबल्या समजुतीने म्हणायचा, "सोड. वाजवायचं डोक्यातून काढून टाक. तुला वाजवायची घाई फार."

संगमेश्वरला लग्न थाटात झालं. गोपाळकृष्णकाकांनी दारातच माणसं मोजली, एकवीस भरली. ट्रम्पेटांत डोकावून बघितलं. वरात निघाली, कीबोर्डने चाली सांभाळल्या, ड्रोन डोक्यावरून गेला तेव्हा स्वरूपच्या चाव्या उन्हात चमकल्या. दुपार कलली, आर्या गाडीपाशी आली, आणि बँडच्या तीस वर्षांच्या सवयीने सखारामने काठी वर केली.

ढोल थांबला. ताशे थांबले. ट्रम्पेट थांबली आणि कीबोर्डही थांबला, कारण पाठवणीला कीबोर्ड थांबतो हे त्याला पाठ होतं. एकट्याने वाजवायची वेळ आली, की ती धून कोण आणि कशाने वाजवणार, याचा विचार करायचा राहूनच गेला होता.

सगळे स्वरूपकडे बघत होते. त्याने नळी ओठाला लावली, गाल फुगवले आणि फुंकर आत धरली. बोटं चिकटलेल्या चाव्यांवर चालायला लागली. पहिला सूर, मग दुसरा, सड्यावर घोटलेली प्रत्येक जागा, जिथे म्हैस मान वर करायची ती हरकतसुद्धा. डोक्यात सगळं वाजत होतं, इतकं स्वच्छ कधीच वाजलं नव्हतं. बाहेर माडाच्या झावळ्या सळसळत होत्या आणि मांडवामागे कोणीतरी भांडी घासत होतं. मास्तरांनी डोळे मिटले होते. आर्याची आई हुंदका देऊन रडली. मग मावशी, मग आत्या, मग ड्रोनवाला. ज्याला ऐकू आलं नाही त्याला वाटलं, पुढच्यांना येत असणार. धून संपली तेव्हा स्वरूपने नळी खाली घेतली आणि पहिल्यांदा श्वास सोडला. तो फार मोठा होता. तो मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

गोपाळकृष्णकाका डोळे पुसत आले. ढोलांच्या आवाजाने त्यांनी कानातलं यंत्र सकाळीच काढून खिशात ठेवलं होतं. त्यांनी स्वरूपचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, "पोराच्या हातात काय गोडवा आहे हो."

बाबल्या म्हणाला, मी शिकवलं.

दुसऱ्या दिवशी स्वरूप सड्यावर गेला. हात रिकामे होते, गुरांनी ओळख दाखवली नाही. घरी आल्यावर त्याने परडी बाजूला केली, मोबाईल सुलटा केला आणि बोटांवरचा चंदेरी रंग शर्टाला पुसत कंपनीला लिहायला बसला.

प्रति, तक्रार निवारण विभाग. विषय: सदोष हात बदलून मिळणेबाबत.

महोदय, आपल्या पत्रानुसार अर्जदाराचे दोन्ही हात मूलतः आंबट आहेत. तथापि संगमेश्वर येथील एका ज्येष्ठ नागरिकांनी सदर हात गोड असल्याचे जाहीरपणे सांगितले असून त्या वेळी एकवीस साक्षीदार हजर होते, पैकी निम्मे वाजवणारे होते. सदर क्लॅरिनेटमध्ये कोणताही दोष नसल्याचे आपण कळवले असल्याने ती बदलून मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरी अर्जदारास उजवा एक व डावा एक असे दोन नवीन हात, पाठवणीची धून आधीपासून येत असलेले, पुढील लग्नापूर्वी पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती. जुने हात चालू स्थितीत असून बदल्यात देण्यास अर्जदार तयार आहे. दही उत्तम लागते.